गँग डायरी कोण लिहितो?

मागल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात एक परिसंवाद झाला. विषय तसा नेहमीचाच होता: दलित साहित्य आणि यंत्रयुग. एका विद्वान वक्त्यांनी असे मत मांडले की, दलित साहित्यात गाव आहे, वस्ती आहे, भूक आहे, अपमान आहे, परंतु यंत्र नाही; आधुनिक तंत्रज्ञानाशी या साहित्याचा संवादच झालेला नाही. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हे कबूल केले पाहिजे. घरी परतताना रेल्वे फाटकावर अर्धा तास अडकलो. कोळशाच्या दोन मालगाड्या एकापाठोपाठ गेल्या. तेथे उभा असताना मला माझ्याच टाळ्यांची लाज वाटू लागली. कारण माझे वडील एकतीस वर्षे याच लोखंडावर चालले. प्रथम गँगमन, मग कीमन आणि निवृत्तीआधीची चार वर्षे मेट. आमच्या घरात यंत्रयुग नव्हते असे म्हणणाऱ्याने आमचे घर पाहिले नाही. आणि मी ते पाहूनही कधी बोललो नाही.

वडील मेट झाले तेव्हा गँग डायरी आमच्या घरी आली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली फळी होती, तिच्यावर ती असे. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. घरातले पहिले पुस्तक माझ्या क्रमिक पुस्तकांच्या रूपाने आले, परंतु घरातला पहिला ग्रंथ म्हणायचा तर ती डायरीच. साहित्याचा विद्यार्थी म्हणून मी तिच्याकडे वळलो तो सवयीने. आज तिची समीक्षा करावी, असे वाटते.

डायरीत तारीख असते, किलोमीटर असतो, हजर माणसे किती, गैरहजर किती, काम काय. ‘पॅकिंग’, ‘गिट्टी भरणे’, ‘नाली साफ’, ‘जोड पाहणे’. वरचा साहेब ट्रॉलीवरून येतो, उतरतो, चार ओळी लिहितो, सही करतो. वडील ती ओळ वाचून (वाचता येत नव्हते तेव्हा वाचून घेऊन) दुसऱ्या दिवशीचे काम लावत. चार वर्षांच्या त्या पानांत माझ्या वडिलांचे एकही वाक्य नाही. जी माणसे रोज त्या जागेवर उभी होती त्यांचा उल्लेख फक्त आकड्याने येतो: ‘११ माणसे’. डायरीचे नाव गँगचे, ताबा मेटचा आणि लेखणी तिसऱ्याचीच. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘निवेदक कोण?’ या प्रश्नावर पुष्कळ कागद खर्च झाला आहे. तो प्रश्न या डायरीला कुणी विचारला आहे काय?

आता या डायरीची जागा संगणक घेऊ लागला आहे. रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संगणक-संस्थेने ‘ट्रॅक मॅनेजमेंट सिस्टिम’ उभी केली आहे. रूळ केव्हा बसवला, त्यावरून किती टन वजन गेले, कुठल्या सांध्यात दोष निघाला, गिट्टी कुठे कमी आहे, यंत्राने रूळ मोजला तेव्हा काय आढळले, हे सारे तिच्यात भरायचे आणि त्यावरून कुठे आधी दुरुस्ती करायची, कुठे रूळ बदलायचा, हे ठरवायला अधिकाऱ्याला मदत व्हायची. अभियांत्रिकीच्या परिभाषेत याला ‘डिसिजन सपोर्ट’ म्हणतात. मराठीत निर्णयसाहाय्य म्हणावे. शब्द चांगला आहे. पण कुठलाही चांगला शब्द आला की तो कुणाच्या बाजूने आला आहे, हे तपासण्याची सवय आपल्याला चळवळीने लावली आहे. साहाय्य निर्णय घेणाऱ्याला मिळणार. निर्णय घेणारा कोण, हे मात्र प्रणाली येण्याआधीच ठरलेले आहे.

येथे गैरसमज नको. मी यंत्राच्या विरोधात लिहीत नाही. रुळाच्या पोटात केसाएवढी भेग पडलेली असते, ती माझ्या वडिलांच्या डोळ्यांना दिसणे शक्य नव्हते. ध्वनिलहरी रुळात सोडून ती शोधणारे यंत्र हातगाडीसारखे रुळावरून ढकलत नेतात. त्या यंत्राने दाखवलेल्या दोषामुळे किती जीव वाचले असतील! रूळ मोजणारी गाडी वेगाने धावता धावता गेज, पातळी, पिळा, सरळपणा सारे नोंदवते. आता तिच्यात लेझर आणि कॅमेरेही आले आहेत. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात यंत्राला दोष देणाऱ्या विचारसरणीचा समाचार घेतला होता. यंत्राचे दुष्परिणाम होतात ते यंत्रामुळे नव्हे, तर समाजाच्या चुकीच्या रचनेमुळे, आणि यंत्राखेरीज सामान्य माणसाला फुरसत नाही व फुरसतीखेरीज संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तोच धागा धरून मी विचारतो: रुळावर आलेल्या या नव्या यंत्राची सामाजिक रचना कोणती?

आमच्या जिल्ह्यापुरते बोलू. गोंदिया हा १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. (१९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना भंडाऱ्यातून पराभव पत्करावा लागला, ही बोच आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या मनातून अजून गेलेली नाही.) या गावाला गाव रुळांनी केले. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज लाइन १८८० ते १८८२ च्या दरम्यान नागपूरहून राजनांदगावकडे गेली. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली आणि रुंद केली. पुढे जबलपूरकडे सातपुड्यातून अडीच फुटी नॅरोगेज गेली. तिच्या मातीकामावर दुष्काळातली माणसे राबली. दुसरी नॅरोगेज चांदाफोर्टकडे गेली. त्या दोन्ही लाइनी आता रुंद झाल्या आहेत. मुंबई-हावडा मार्गावर तिसऱ्या रुळाचे काम चालत आले आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-बल्लारशा या २४० किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गोंदिया-डोंगरगड या ८४ किलोमीटरच्या चौथ्या लाइनला.

हे प्रकल्प ‘गतिशक्ती’च्या राष्ट्रीय आराखड्यानुसार आखले गेले, असे मंजुरीच्या वेळी सांगण्यात आले. २०२१ साली सुरू झालेली ही यंत्रणा म्हणजे नकाशांची चळत. एका थरावर जंगल, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर खाणी, चौथ्यावर वीजवाहिन्या. सारे थर एकावर एक ठेवून रूळ कुठून न्यायचा ते पाहायचे. ही निर्णयसाहाय्याचीच मोठी बहीण. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीजवळ याच बल्लारशा-गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले, तेव्हा देशभरची वर्तमानपत्रे हळहळली. तेव्हापासून वाघाच्या भ्रमणमार्गाची चर्चा या लाइनच्या प्रत्येक बैठकीत असते. ती असावीच. परंतु तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे तीनला डोक्यावर फडके बांधून रूळ ओलांडणाऱ्या आमच्या बायांची पायवाट हा थर त्या चळतीत कोण घालणार? बाईला गळ्यात पट्टा बांधून कुणी उपग्रहावरून पाहत नाही, म्हणून तिची वाट नकाशावर उमटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. त्या भाषणातील ‘दोन शत्रूं’चा, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही यांचा, उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो. पोस्टरवर तो चांगला दिसतो. पण त्याच भाषणातला रुळावरचा तपशील आपण विसरतो. रेल्वेत अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमन म्हणूनच राबतो, वर चढण्याची वाट त्याला नाही, कीमन होणे हेच अपवाद, पोर्टरची जागासुद्धा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तेथे विटाळ आडवा येतो, हे बाबासाहेबांनी कामगारांच्या परिषदेत, कामगार पुढाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. हे नुसते गाऱ्हाणे नव्हते. उद्योगाच्या आतील हुद्द्यांच्या उतरंडीत जात कशी बसलेली आहे, याचे ते विश्लेषण होते. दोन वर्षांपूर्वी, १९३६ साली, ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी म्हटले होते की जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. मनमाडचे भाषण म्हणजे त्या सूत्राचे रुळावरचे प्रात्यक्षिक होय.

आज गँगमन हा शब्दही राहिलेला नाही. मग तो ट्रॅकमन झाला, आता ट्रॅक मेंटेनर आहे. आरक्षणाने काही दारे उघडली. इंजिनिअरच्या खुर्चीवर आपली मुले बसलेली मी पाहिली आहेत आणि गँगमध्येही केवळ आपलीच माणसे नाहीत; गोंड आहेत, ढिवर आहेत, कुणबी-पवारांची पोरे आहेत, बायाही आहेत. तेव्हा १९३८ चे वर्णन जसेच्या तसे आज लावणे हा आळस होईल. पण उतरंडीतली माणसे बदलली म्हणून उतरंड बदलली काय? हाताने जाणणारा आणि डोक्याने ठरवणारा ही फाळणी तशीच आहे. किंबहुना नव्या प्रणालीने ती अधिक सफाईदार केली आहे.

एक प्रसंग सांगतो. कोणत्या सेक्शनवरचा, ते सांगत नाही. वडील तेव्हा कीमन होते. कीमनचे काम असे की आपल्या हद्दीतला पाच-सहा किलोमीटरचा रूळ रोज पायी पाहायचा. खांद्यावर हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी, पिशवीत फटाके. ढिली झालेली चावी ठोकायची, निसटलेली क्लिप बसवायची, जोड पाहायचा. डिसेंबरचा महिना. थंडीत लोखंड आकसते, सांधे ताणले जातात. जुना वेल्ड तुटतो तो बहुधा अशाच पहाटे. वडिलांना एका वेल्डजवळून गाडी जाताना आवाज वेगळा वाटला. त्यांनी तो मेटला सांगितला, मेटने वर सांगितला. ‘त्या जोडाचा आवाज बरा नाही, सायेब, मले पटत नाही,’ हे वडिलांचे शब्द त्यांनी मला पुढे कितीदा तरी ऐकवले. साहेब वाईट नव्हता. त्याने कागद पाहिला. ध्वनियंत्राच्या मागच्या फेरीत तो वेल्ड निर्दोष निघाला होता. त्या दिवशीच्या डायरीत ‘पॅकिंग’ एवढीच नोंद पडली.

चौदा दिवसांनी वेल्ड तुटला. पहाटे वडिलांनीच ती फट पाहिली. नियम असा की आधी सहाशे मीटरवर एक फटाका रुळावर लावायचा आणि मग बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. पन्नाशीला आलेला माणूस गिट्टीवरून झेंडी घेऊन पळाला. गाडी थांबली. कुणाला खरचटलेही नाही.

वडिलांना प्रमाणपत्र आणि पाचशे रुपये मिळाले. प्रमाणपत्र आजही भिंतीवर आहे. त्यात त्यांच्या ‘सतर्कते’ची प्रशंसा केलेली आहे. मी त्या शब्दावर फार विचार केला. सतर्कता पहारेकऱ्याची असते, राखणीच्या कुत्र्याचीही असते. चौदा दिवसांपूर्वी त्यांनी जे सांगितले ती सतर्कता नव्हती; ते ज्ञान होते. पंचवीस वर्षे एकाच लोखंडावर चालून, हजारो वेल्डांवरून गेलेल्या गाड्यांचे आवाज मनात साठवून काढलेला तो निष्कर्ष होता. त्याचा कुठेही उल्लेख नाही. कारण त्याला रकाना नाही. तुटलेल्या रुळाला रकाना आहे, न तुटलेल्या रुळाविषयी कीमनला काय वाटते याला नाही.

कानाला दैवी शक्ती आहे असे मला म्हणायचे नाही. कीमन चुकतो. दहा वेळा आवाज वेगळा वाटला तर आठ वेळा काही नसेल. परंतु यंत्राचेही तसेच आहे. त्याच्या चुकीच्या इशाऱ्यांची नोंद होते, त्यावरून यंत्र सुधारले जाते. माणसाच्या इशाऱ्याची नोंदच नाही, तर तो दहात किती वेळा बरोबर निघाला हे कळणार कसे? आणि ते कळले नाही की ‘अशिक्षित माणसाचे बोलणे काय धरायचे’ असे म्हणायला सारे मोकळे.

अशिक्षित! हे कारणही आता संपले आहे. २०१८ च्या रेल्वेभरतीत सुमारे ६३ हजार खालच्या जागांसाठी दीड कोटींहून अधिक अर्ज आले. आमच्या महाविद्यालयातली एम.ए. झालेली मुले आज ट्रॅक मेंटेनर आहेत. ज्यांनी माझ्या वर्गात केशवसुत आणि नामदेव ढसाळ वाचले, ती भर उन्हात पहार धरून उभी आहेत. त्यांच्या हाताला मोबाइल चालवता येतो, मराठी लिहिता येते, इंग्रजी वाचता येते. तरीही प्रणालीत लिहिण्याचा अधिकार ट्रॉलीवरून येणाऱ्याचाच. मग अडचण अक्षराची होती की अधिकाराची?

मोबाइलवरून आठवले. कीमनच्या खिशात अलीकडे जीपीएसचे यंत्र दिले जाते. तो किती चालला, कुठे थांबला, किती वेळ थांबला, हे दूरच्या पडद्यावर दिसते. म्हणजे माहिती वर जाण्याची वाट तयार आहे. तिच्यावरून कीमनचे पाऊल वर जाते, शब्द मात्र जात नाही. एका जुन्या विद्यार्थ्याने मला सांगितले, ‘सर, जोडाजवळ बसून नीट पाहिले तर थांबला म्हणून विचारतात. म्हणून चालतच पाहतो.’ रूळ पाहणाऱ्या माणसावर पाळत ठेवून त्याचे रूळ पाहणेच बिघडवणारी ही व्यवस्था कुणाला साहाय्य करते?

आता प्रणालीच्या बाजूने बोलणाऱ्यांपुढे सरकारचाच कागद ठेवतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, कॅगचा, गाड्या रुळावरून घसरण्यावरील अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत मांडला गेला. २०१७-१८ ते २०२०-२१ या चार वर्षांवरचा तो आहे. मराठीत कादंबऱ्यांवर जेवढी परीक्षणे येतात त्याच्या शंभरावा भाग लक्ष या अहवालाकडे गेले असते तर बरे झाले असते. घसरण्याच्या ११२९ चौकशी-अहवालांचा त्यात अभ्यास आहे. ४२२ घटनांची जबाबदारी अभियांत्रिकी विभागाकडे जाते. त्यांपैकी १७१ घटना रुळाच्या देखभालीशी निगडित आणि १५६ घटना रुळाची मापे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यामुळे घडलेल्या. रूळ मोजणाऱ्या गाड्यांच्या तपासण्यांत ३० ते १०० टक्के तूट! आणि ज्या ट्रॅक मॅनेजमेंट सिस्टिमचे गोडवे गायले जातात, तिच्यातली देखरेखीची अंगभूत व्यवस्था चालूच नव्हती, असेही कॅगने नमूद केले आहे.

त्याच अहवालात रुळावरची मोठी यंत्रे रिकामी का उभी राहिली, याची कारणे दिली आहेत. ३२ टक्के वेळा वाहतूक विभागाने ब्लॉक दिला नाही, म्हणजे गाड्या थांबवून काम करायला वेळ दिला नाही. ३० टक्के वेळा विभागांनी ब्लॉकचे नियोजनच केले नाही. येथे साऱ्या निर्णयसाहाय्याचे पितळ उघडे पडते. समजा प्रणालीने बिनचूक सांगितले की अमुक किलोमीटरवर गिट्टी ठोकणे जरुरीचे आहे. पण कोळसा जायचा आहे. कोळसा थांबवायचा की गिट्टी थांबवायची, हा निर्णय त्या पडद्यावर होत नाही. २०२२ साली कोळशासाठी आणि लाइनच्या कामांसाठी आमच्याकडच्या कितीतरी पॅसेंजर गाड्या रद्द झाल्या. सालेकसा-आमगावकडून पासवर येणारी माझी मुले वर्गातून गळाली. तो निर्णय घेताना साहाय्य कुणाचे घेतले होते?

ब्लॉक न मिळताच काम केले की काय होते, ते १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशात खतौलीला दिसले. रुळाचे काम चालू असताना उत्कल एक्स्प्रेस आली आणि घसरली. २३ माणसे मेली. वरिष्ठांना रजेवर पाठवण्यात आले, काहींना निलंबित केले. आणि १३ जणांना बडतर्फ केले गेले. त्यांत बहुसंख्य ट्रॅकमन होते. निर्णयात ज्यांना वाटा नाही, त्यांना शिक्षेत मात्र मोठा वाटा!

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंतच्या काळात रेल्वे अपघातांत १०१९ माणसे मेली, आणि त्याच काळात कामावर असताना सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी मेले, असे त्यात आहे. म्हणजे ज्याला आपण ‘रेल्वे अपघात’ म्हणतो त्याहून मोठा अपघात रोज एकेक करून रुळावर घडत होता आणि त्याला अपघात म्हणण्याचीही तसदी कुणी घेत नव्हते. गाडी जवळ येत असल्याचा इशारा गँगला देणारे ‘रक्षक’ नावाचे उपकरण निघून बरीच वर्षे झाली, तरी ते साऱ्यांच्या हाती पोहोचलेले नाही. कीमनची जागा दाखवणारे यंत्र मात्र त्याच्या खिशात कसे पोहोचले!

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमध्ये हॅटफिल्डला रुळाचे शेकडो तुकडे झाले आणि चार माणसे मेली. रूळ भेगाळल्याचे आधीच माहीत होते. बदलायचे रूळ जवळच महिनोन्‌महिने पडून होते. खासगीकरणात रूळ एका कंपनीकडे, देखभाल ठेकेदारांकडे गेली होती आणि आपल्या मालकीचे रूळ कोणत्या स्थितीत आहेत याची नीट नोंदही मालक कंपनीजवळ नव्हती. पुढे ती कंपनी गेली, २००२ साली नेटवर्क रेल आली आणि तिने रुळांच्या माहितीवर आधारलेल्या निर्णयसाहाय्य प्रणाली उभारल्या. आपल्याकडे ती प्रणाली येत आहे आणि ठेकेदारीही येत आहे. नव्या लाइनीवर गिट्टी टाकणारा मजूर आज येथे, उद्या दुसरीकडे. आवाज मनात साठवायला त्याला पंचवीस वर्षे कोण देणार?

एवढे रेल्वेविषयी झाले. पण हे नियतकालिक साहित्याचे आहे आणि मी परिसंवादातून निघालो होतो. तेव्हा आपल्याही अंगणात पाहिले पाहिजे.

दलित आत्मकथनांचे स्वागत करताना प्रस्थापित समीक्षेने एक शब्द मुक्तहस्ताने वाटला: अनुभव. अस्सल अनुभव, दाहक अनुभव, अनोखे अनुभवविश्व. आपण हुरळून गेलो. त्या देणगीत एक अट दडलेली होती, ती आपल्या ध्यानात आली नाही. अनुभव तुमचा, विचार आमचा. तुम्ही निरीक्षणे पुरवा, आम्ही मूल्यमापन करू. गँग डायरीचीच ही रीत. आपली पुस्तके त्यांच्या प्रणालीत भरायची माहिती झाली. ‘बलुतं’ आले १९७८ साली. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत अशा पुस्तकांतला श्रम हा ज्ञानाचा प्रकार म्हणून किती जणांनी वाचला? चामडे कमावणे हे रसायन आहे, दोर वळणे ही यामिकी आहे, वेल्डचा आवाज ओळखणे हे धातुशास्त्र आहे. पण समीक्षेत हे सारे ‘वेदना’ या एकाच खात्यावर जमा होते.

आणि याला आपणही जबाबदार आहोत. माझ्या पिढीच्या कितीतरी कवितांत बाप आहे. घाम गाळणारा, वाकलेला, दारू पिणारा, मुक्या डोळ्यांचा बाप. मीही असली एक कविता लिहिली होती. सुदैवाने ती साभार परत आली. त्या कवितेत बाप मुका होता. माझा बाप मुका नव्हता. तो बोलत होता आणि जे बोलत होता ते तांत्रिक होते. मला ते काव्यमय वाटले नाही म्हणून मी त्याला मुका केला. साहेबाने डायरीत ‘पॅकिंग’ लिहिले, मी कवितेत ‘मौन’ लिहिले. दोघांत फरक काय? महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जावर वडिलांचा व्यवसाय मी ‘रेल्वे खाते’ असा लिहीत असे. गँगमन लिहिण्याची लाज, आणि ‘विज्ञानाशी संबंध’ असे लिहिता येईल ही कल्पनाही नाही.

आपल्या संघटनांचेही तेच. बढती, अनुशेष, बदली, वसाहतीतले पाणी यांसाठी आपण मोर्चे काढले, काढलेच पाहिजेत. पण कीमनच्या म्हणण्याची नोंद झालीच पाहिजे आणि ते नाकारायचे असेल तर नाकारणाऱ्याने कारण लिहून सही केली पाहिजे, ही मागणी कुठल्या निवेदनात मी वाचली नाही. खर्च जवळजवळ काहीच नाही. प्रणालीत एक रकाना वाढवायचा: कीमनचे म्हणणे. दुसरा रकाना: त्याचे काय केले, कोणी केले, किती दिवसांत. हे रकाने आपल्या भाषेत असावेत. मराठीत, हिंदीत, छत्तीसगडीत, झाडीबोलीत. ज्याला जे येते त्यात. बोललेलेच नोंदवता येईल इतके यंत्र आज पुढे गेले आहे. म्हणजे अडचण यंत्राची नाही.

मघाशी ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख केला, त्याने स्वतःची एक वही ठेवली आहे. कामाची नव्हे, कामाविषयीची. दिवाळीच्या सुटीत घरी आला तेव्हा ती दाखवली. साठएक पाने आहेत. मोठ्या संकोचाने म्हणाला, ‘सर, हे काही साहित्य नाही.’ मी वडिलांना ती वाचून दाखवली. उन्हाळ्यात रूळ तापून ठरलेल्या तापमानाच्या वीस अंशांवर गेला की गस्त घालावी लागते. त्या दिवसांची त्याने केलेली नोंद ऐकताना वडिलांनी मला दोनदा थांबवले. एकदा म्हणाले, ‘हे बरोबर नाही लिहिलं यानं, वळणावर रूळ आधी कोणत्या अंगाले सरकते ते त्याले पुन्हा पाहाले सांग.’ दुसऱ्यांदा नुसतेच ‘हं’ म्हणाले.

ती दुरुस्ती मी त्याला पत्राने कळवली आहे. वहीतली काही पाने, ठिकाणांची नावे वगळून, पुढील अंकासाठी पाठवण्याचे त्याने कबूल केले आहे. त्यांचे शुद्धलेखन संपादकांनी बदलू नये, अशी माझी विनंती आहे.